कुठेतरी पाणी मुरतंय: बॉक्स्टरमधली गळती आणि त्यातून झालेला वायरिंगचा घोळ कसा शोधायचा

रात्री तीन वाजता गाडीचा अलार्म आपोआप कोकलायला लागला. खाली गेलो, चावीने बंद केला, वर येऊन पडलो तर सव्वातीनला परत. तिसऱ्यांदा चावीचं बटणच चालेना, तेव्हा त्या बोचऱ्या थंडीत नाईट पँटवर बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि विषय संपवला. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने फोनवरच सांगून टाकलं की अलार्मचं युनिट गेलंय, नवीन घ्या, कोडिंग करून घ्या, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला. युनिट गेलं होतं हे खरंच, पण का गेलं हे त्याने विचारलं नाही, आणि मी त्याचं ऐकून नवीन बसवलं असतं तर ते पण तसंच बुडून मेलं असतं. कारण संध्याकाळी सीटखाली हात घालून कार्पेट दाबलं तर चहात बुडवलेला पाव दाबल्यासारखं पाणी वर आलं.

गाडी म्हणजे पोर्शे बॉक्स्टर, ९८६, पहिली पिढी, १९९६ ते २००४ या काळात बनलेली. इकडे इंग्लंडमध्ये त्या जुन्या झाल्यामुळे आवाक्यातल्या भावात मिळतात, म्हणून आमच्यासारखे आयटीतले नोकरदार पण हौस म्हणून घेतात आणि मग शनिवार-रविवार गाडीखाली झोपून काढतात. दोष गाडीवर ढकलणार नाही, दोष माझा. तीन वर्षं गाडी मेपलच्या झाडाखाली लावली आणि एकदाही ड्रेन साफ केले नाहीत. कोकणात आजोबा मृगाच्या आधी शिडी लावून पन्हळी साफ करायचे, पालापाचोळा काढायचे, ते सगळं लहानपणी बघितलेलं, पण गाडीला पण पन्हळी असतात हे डोक्यात आलं नाही.

तर हे लिहितोय ते कॅनव्हासचा टप असलेल्या कुठल्याही गाडीला थोडंफार लागू पडेल, पण उदाहरण बॉक्स्टरचं, कारण ती मी स्वतः सोलून काढलीये. पुढच्या ९८७ मध्ये पण तत्त्व तेच. बीएमडब्ल्यू झेड-४ च्या पहिल्या पिढीत, म्हणजे ई-८५ मध्ये, टप उघडझाप करणारी हायड्रॉलिक मोटर मागच्या कोपऱ्यातल्या पाणी जायच्या खोलगट जागेत बसवलेली असते, ड्रेन तुंबला की मोटर बुडते आणि लोक समजतात की टप खराब झाला. माझदा एमएक्स-५ मध्ये मागच्या ड्रेनचं पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साठतं आणि ती आतून गंजते. गाड्या वेगळ्या, गोष्ट एकच.

एक गोष्ट पक्की धरून चला, पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. वरून शिरतं, पत्र्याच्या कडेने, वायरीच्या अंगाने सरकत सरकत सगळ्यात खोल जागी जाऊन बसतं. आणि बॉक्स्टरमध्ये ती सगळ्यात खोल जागा म्हणजे पुढच्या सीटखालची जमीन, आणि अलार्म, इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि सेंट्रल लॉकिंगचं एकत्र युनिट नेमकं तिथेच, कार्पेटच्या पातळीला बसवलेलं असतं. त्यामुळे लक्षणं दिसतात चावीत, काचांत, बॉनेटच्या लॉकमध्ये, आणि आजार असतो टपाच्या कोपऱ्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, ते हेच.

आधी बॅटरी

कार्पेट ओलं लागलं की पहिली गोष्ट, इग्निशनमध्ये चावी फिरवायची नाही. "एकदा सेल्फ मारून बघू" हा मोह सगळ्यांना होतो, मला पण झाला होता. ओल्या सर्किटला करंट मिळाला की नुसतं शॉर्ट होत नाही, तांब्याचे ट्रॅक अक्षरशः विरघळायला लागतात. अलार्मच्या युनिटला तर गाडी बंद असतानाही सतत करंट असतो, म्हणून ते पाण्यात आणि चालू असं दिवसेंदिवस पडून राहतं तेव्हाच खरं नुकसान होतं. करंट नसलेलं ओलं युनिट बऱ्याचदा वाचतं.

बॅटरी पुढच्या डिकीत विंडस्क्रीनजवळ प्लास्टिकच्या झाकणाखाली असते (हो, या गाडीला पुढे पण डिकी आणि मागे पण, इंजिन मधोमध). आधी निगेटिव्ह काढा. आणि महत्त्वाचं म्हणजे बॅटरी काढल्यावर बॉनेट खाली दाबून लॉक करू नका, कारण ज्या मॉडेलला ते इलेक्ट्रिक बटणाने उघडतं तिथे बॅटरीच नसेल तर उघडणार कसं. लॉकवर जुना टॉवेल टाकून ठेवा. मी नाही ठेवला, मग फ्यूजबॉक्समधून बाहेरची बॅटरी लावून लॉक उघडायचा जो काही कार्यक्रम झाला तो राहू दे.

अजून एक. बॉक्स्टरच्या दाराच्या काचांना फ्रेम नाही, दार उघडताना काच साधारण सेंटीमीटरभर खाली येते आणि दार लावलं की परत वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढली की हे होत नाही. म्हणून काचा वर असतानाच बॅटरी काढा आणि नंतर दार उघडताना-लावताना काच हाताने रबरातून हळू सोडवा आणि हळूच बसवा, खसकन ओढू नका. काच सेंटीमीटरभर खालीच राहिली आणि तुम्ही वरून पाणी मारलं तर जी गळती दिसेल ती तुम्हीच तयार केलेली असेल.

पाणी कुठलं आहे ते बघा

हे लोक विचारतच नाहीत. गाडीत तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं. एक पावसाचं, त्याला काही दिवसांनी कुबट वास येतो, ओल्या गोणपाटासारखा. दुसरं कूलंट, त्याला रंग असतो, गोडसर वास असतो, दोन बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. ते असेल तर हे सगळं सोडा आणि हीटरची लाईन बघा. तिसरं एसीचं, ते स्वच्छ, बिनवासाचं, आणि कोरड्या कडक उन्हात एसी लावून फिरल्यावरच येतं, म्हणजे एसीची बाहेर जाणारी नळी तुंबली. मुंबई-पुण्यातल्या गाड्यांमध्ये हा तिसरा प्रकार मी जास्त ऐकलाय, कारण एसी बारा महिने चालू. पांढऱ्या टिश्यूने टिपून उजेडात बघा, पाच मिनिटांत कळतं.

पावसाचं आहे हे ठरलं की ओल कुठे जास्त आहे त्याचा नकाशा करा. कार्पेट वरून कोरडं असलं तरी फसू नका, खाली जाड फोम असतो आणि तो पाणी धरून बसतो. टिश्यू ठेवून मुठीने दाबायचं, सीटच्या पुढे, मागे, दाराच्या पट्टीजवळ, सीटबेल्ट जिथून बाहेर येतो तिथे खाली. मी कागदावर गाडीचं चित्र काढून फुल्या मारल्या होत्या, बायको म्हणाली गाडीची पत्रिका मांडतोयस का. पण उपयोग झाला. माझ्याकडे सगळ्यात जास्त ओल सीटच्या मागच्या भिंतीच्या बुडाशी होती आणि पायाशी जवळजवळ कोरडं. म्हणजे पाणी मागून येत होतं. उलट पुढे पायाशी जास्त असेल तर विंडस्क्रीनखालची जागा बघायची, आणि फक्त दाराच्या कडेने पट्टा ओला असेल तर दार.

मागच्या पन्हळी

टप अर्धाच उघडायचा. मागचं झाकण वर उचललं गेलं आणि टप मध्ये उभा राहिला की थांबायचं आणि चावी काढून खिशात घालायची, कारण तुमचा हात आत असताना कोणी बटण दाबलं तर त्या दांड्यांमध्ये बोटं जातील. (बॅटरी आधीच काढली असेल तर यासाठी दोन मिनिटं लावावी लागेल, पण ओलं युनिट आधी सोडवून बाहेर काढल्याशिवाय लावू नका. आणि युनिट काढल्यावर टप बटणाने हललाच नाही तर जबरदस्ती करू नका, मॅन्युअलमध्ये हाताने उघडायची पद्धत दिलीये ती वापरा.)

आता दोन्ही बाजूंना, टपाच्या बिजागरीजवळ खोल कोपऱ्यात टॉर्च मारा. तिथे एक भोक आहे. माझ्या गाडीत भोक दिसतच नव्हतं, काळा चिखल होता आणि त्या चिखलात मेपलचं बी रुजून दोन पानांचं रोप आलेलं होतं. पोर्शेत शेती. आधी चमच्याने आणि हाताने जेवढा गाळ निघतो तेवढा वर काढा, खाली ढकलू नका. मग नळीत घालायला बागेतल्या गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घ्या, ती लवचिक असते आणि वळणावर वळते. टोक लायटरने किंचित वितळवून गोल करा. लोखंडी तार किंवा हँगर घालू नका, नळीला भोक पडलं तर पाणी थेट आत. कॉम्प्रेसरची हवा पण मारू नका, खूप जण मारतात, त्याने नळी खालच्या जोडावरून निसटते आणि ती निसटलेली तुम्हाला दिसत नाही, मग आधी निदान थोडं पाणी बाहेर जात होतं ते पण सगळं गाडीत यायला लागतं.

दोरी फिरवत फिरवत आत घालायची, अडली की मागेपुढे करायची. मग खरी परीक्षा. एक लिटर पाणी मोजून घ्या, मी चहाची किटली घेतली, आणि हळूहळू त्या कोपऱ्यात ओता. पाणी मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली पडायला पाहिजे. उजव्या बाजूचं माझं ओतता ओतता खाली धार लागली. डावीकडे ओतलं, कोपरा भरला, पाणी तसंच उभं, त्यावर माझा चेहरा दिसतोय. पुन्हा दोरी घातली, एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं, गुडगुड आवाज आला आणि खाली काळं पाणी भसकन पडलं, मागोमाग पानांचा एक बोळा, अंगठ्याएवढा. एवढ्या एका बोळ्यापायी सगळं रामायण.

पण इथे थांबू नका. खाली जेवढं ओतलं तेवढं आलं का ते बघा, खाली घमेलं ठेवा आणि मोजा. लिटर ओतून पाऊण लिटरच आलं तर पाव लिटर कुठे गेलं? कोपऱ्यात साठलेलं असेल, नाहीतर नळी कुठेतरी सुटलीये. ९८६ मध्ये टपाखाली प्लास्टिकची एक पन्हळ असते तिचं तोंड त्या भोकात नीट बसलेलं असावं लागतं, टपाचं काम कोणी केलं असेल तर ते बऱ्याचदा बाहेरच राहिलेलं असतं.

पुढची बाजू आणि दारं

पुढे बॅटरीचं प्लास्टिकचं झाकण काढा, विंडस्क्रीनच्या बुडाशी दोन्ही कोपऱ्यांत ड्रेन आहेत, तिथे पण पानं. ही जागा तुंबली की पाणी बॅटरीच्या आजूबाजूला साठतं आणि पातळी वाढली की केबिनच्या हवेच्या वाटेने आत येतं. ब्लोअर लावल्यावर खरखर ऐकू येत असेल तर पानं आत ओढली गेलीत हे समजा. साफ करायची पद्धत तीच, किटली तीच. पुण्यात गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांनी हे दर महिन्याला करा, त्याची ती बारीक पानं कुठल्याही जाळीतून खाली जातात आणि ओली झाली की लगद्यासारखी बसतात.

दारांचं लोकांना पटत नाही. दाराच्या काचेवरून पाणी दाराच्या पोटात जातंच, ते जावं अशीच रचना आहे, आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पॅनलच्या मागे एक फोमचा किंवा प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो या पाण्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. वीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो, खालची कड सुटते, आणि पाणी पॅनलच्या खालून थेट कार्पेटवर. आधी स्पीकर बदलायला कोणी पॅनल काढलं असेल तर हमखास. यावर उपाय म्हणजे पॅनल काढून जुना गोंद खरवडायचा आणि ब्युटिलची चिकटपट्टी लावून पडदा परत बसवायचा. विंडस्क्रीनचा काळा ब्युटिल रोल मिळतो तोच. साधा सेलोटेप किंवा फेविक्विक नको, दोन पावसाळे पण टिकत नाही. आणि दाराच्या बुडाची भोकं उघडी आहेत ना ते काडीने बघा. पॅनल काढताना दारातल्या एअरबॅगची वायर असते, म्हणून बॅटरी काढलेली हवीच, आणि पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर लावायचा नाही, कधीच नाही.

टपाची शिवण, विंडस्क्रीनच्या वरच्या कडेचं रबर, मागच्या लाईटचे गॅस्केट ही पण ठिकाणं आहेत, पण त्यातून थेंब थेंब येतं, कार्पेट भिजून युनिट बुडेल एवढं सहसा येत नाही. मागच्या डिकीत ओल असेल तर मात्र लाईटचे गॅस्केट आधी बघा.

पाणी मारून बघणं

ड्रेन मोकळे केले, तरी खात्री करायची. दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर साधा होज घेऊन. प्रेशर वॉशर नको, त्या जोराने कुठल्याही गाडीत पाणी शिरेल. आत कोरड्या कडांना टाल्कम पावडर भुरभुरा, पाणी आलं की पावडरीत स्पष्ट ओघळ दिसतो. आणि खालून वर जायचं, आधी दाराचा खालचा भाग, मग काचेची कड, मग टपाचं रबर, शेवटी टपाचा मागचा कोपरा, प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

आमच्याकडे बायको आत बसली होती, ब्लँकेट गुंडाळून. पहिली वीस मिनिटं काही नाही. "अरे, अजून किती वेळ बसायचंय?" मी म्हटलं एक कोपरा राहिलाय. डाव्या मागच्या कोपऱ्यावर होज नेला आणि मिनिटभरात आतून काचेवर टकटक. "सीटबेल्टच्या मागून थेंब येतोय. थांब, दोन आले." म्हणजे बोळा काढूनही एक गळती बाकी होती, आणि ती तीच, पन्हळीचं तोंड भोकाच्या बाहेर. किटलीने ते कळलं नव्हतं कारण किटलीचं पाणी मी थेट भोकातच ओतत होतो. म्हणून दोन्ही टेस्ट करा.

एक कळकळीची विनंती, सगळीकडे सिलिकॉन फासू नका. सिलिकॉनने वाट बंद होत नाही, फक्त बदलते, आणि पुढच्या वेळी शोधणाऱ्याला काही समजत नाही.

वाळवण

सीट काढावीच लागते. चार बोल्ट, बाहेरून ताऱ्याच्या आकाराचे, त्याची वेगळी गोटी लागते, साध्या पान्याने घासून टाकू नका. सीटखालचे कनेक्टर सोडवा, बॅटरी काढलेलीच आहे. नाहीतर एअरबॅगचा लाल दिवा डॅशवर पेटतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. कार्पेट उचला, खाली लाकडाचे तुकडे देऊन अधांतरी ठेवा. ओला-सुका व्हॅक्यूम मारा, माझ्याकडे एका बाजूने अर्धी बादली निघाली. मग इकडे डिह्युमिडिफायर आणि गॅरेज बंद. भारतात मे महिन्याचं ऊन असेल तर दोन दिवस, पावसाळ्यात पंखा आणि धीर. मला नऊ दिवस लागले. फोम वरून कोरडा आणि मधे ओला राहतो, म्हणून दोन्ही बाजूंनी टिश्यू दाबून बघा.

आता युनिट

इथपर्यंत पाण्याची वाट बंद झाली असेल तरच पुढे जा. युनिट सोडवलं, झाकण उघडलं. तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की जसं कळकतं, तसा तो हिरवट-पांढरा थर पिनांच्या बुडाशी. दोन पिना जवळजवळ खाल्लेल्या. अशा वेळी तांदळाच्या डब्यात ठेवायचा जो उद्योग मोबाईलला करतात तो करू नका, तांदूळ क्षार काढत नाही. आधी डिस्टिल्ड वॉटरने हलकं धुवा, म्हणजे क्षार निघतात, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं, आणि मऊ टूथब्रश. पुन्हा अल्कोहोल. मग कोमट जागी दोन दिवस. हेअर ड्रायर फुल्ल गरम करून मारू नका. डब्ल्यूडी-४० पण यावर उपाय नाही, ते पाणी हटवतं पण मागे तेलकट थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते.

वाळल्यावर भिंगाखाली बघा. ट्रॅक तुटलेत का, पिनांच्या सोल्डरला गोल चीर आहे का. ज्याला सोल्डरिंग जमतं त्याने पिना परत सोल्डर कराव्यात, जमत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, गॅरेजकडे नाही. कारण या युनिटमध्ये चाव्यांचे आणि इमोबिलायझरचे कोड साठवलेले असतात. दुसऱ्या गाडीतून काढलेलं युनिट नुसतं खोचलं तर इंजिन सुरू होणार नाही, त्याचं इंजिनच्या कॉम्प्युटरशी जमायला लागतं. जुनी मेमरी वाचता आली तर ती नवीन बोर्डावर उतरवता येते, म्हणून जळलेलं, सडलेलं युनिट पण फेकू नका. माझं वाचलं. दोन पिनांना जंपर, म्हणजे तुटलेल्या जागी जोडायची बारीक तार, टाकावे लागले.

परत बसवताना मी ते जमिनीला न टेकवता थोडं वर बसवलं, फोमचे ठोकळे खाली देऊन. वायर जेवढी पुरते तेवढंच.

वायरिंगमधलं भूत

युनिट बरं झालं तरी चारपाच भुतं राहतात. वायरीच्या आवरणाखाली तांब्याच्या तारांच्या मधून पाणी दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं वर चढतं, त्यामुळे कनेक्टर साफ दिसला तरी दोन इंच आत वायर काळी पडलेली असते. संशय आला तर वायर हलकी ओढून बघा, कुजलेली असेल तर रबरासारखी ताणते. काळा भाग कापायचा, चकचकीत तांबं लागेपर्यंत, आणि नवीन तुकडा क्रिंप करून (पकडीने दाबून जोडून) आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी, चढवायची.

कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने, आणि शेवटी थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे ओल आत न येऊ देणारं, करंट न वाहणारं ग्रीस. मग अर्थिंग. कार्पेटखाली बॉडीला जोडलेले अर्थिंगचे नट असतात, तिथे गंज चढला की लाईट मंद होणं, एक बटण दाबलं की दुसरंच काहीतरी चालू होणं असे प्रकार होतात. मीटरवर नुसता ओहम (रेझिस्टन्स) बघून समाधान मानू नका. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं त्या अर्थिंगच्या नटाला, आणि ती लाईन ज्याची आहे ते चालू करायचं, लाईट, मोटर काय असेल ते. ०.१ व्होल्टपेक्षा खूप जास्त दिसलं तर तो जोड खराब, उघडा, घासा, परत आवळा.

आणि सगळा दोष पाण्यालाच देऊ नका. चावीचं बटण चालत नसेल तर आधी चावीतला सेल बदला, मी हे सगळ्यात शेवटी केलं. दार उघडताना काच खाली येत नसेल तर दाराच्या लॉकमधला मायक्रोस्विच गेलेला असू शकतो, ते या गाडीचं वेगळंच दुखणं आहे आणि कोरड्या गाडीत पण होतं.

बॅटरी उतरत असेल तर

पाण्याने अर्धवट मेलेलं युनिट झोपत नाही, रात्रभर करंट खात बसतं. आधी बॅटरीच तपासा, चार्ज करून रात्रभर सुटी ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. मग मल्टीमीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला सीरिजमध्ये जोडा, चावी काढलेली, दारं बंद, बॉनेटचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने फिरवून गाडीला बंद भासवा. मीटर लावून गाडी सुरू करायला जाऊ नका, मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, अर्धा-पाऊण तास थांबा, हळूहळू सगळं झोपतं आणि साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवं. माझ्याकडे अर्ध्या अँपिअरवर अडकलेला होता. म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-अवर, ७० ची बॅटरी तीन दिवसांत निम्मी. अलार्म का वाजायचा आणि सोमवारी गाडी का सुरू व्हायची नाही, दोन्हीचा हिशोब लागला.

कुठली लाईन खातेय ते शोधताना फ्यूज एकेक उपटू नका, परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि परत अर्धा तास. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांना टोकं लावा. शून्य आलं तर त्यातून करंट जात नाहीये, काही आकडा आला तर ती लाईन जागी आहे. अशाने पूर्ण फ्यूजबॉक्स दहा मिनिटांत होतो.

परत जोडणी

सीट बसवायची घाई नको. कार्पेटखाली वर्तमानपत्राचे कोरडे कागद पसरून एक-दोन पाऊस जाऊ द्या, रोज कागद उचलून बघा, पाणी लागलं की कागदावर डाग राहतो आणि कुठल्या बाजूने आलं ते पण दिसतं. मग सीटचे कनेक्टर आधी, बॅटरी सगळ्यात शेवटी. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा, सीटबेल्टचं बक्कल सीटला जोडलेलं आहे.

बॅटरी जोडल्यावर काचा अर्ध्यावर थांबतील किंवा दार उघडल्यावर खाली येणार नाहीत, घाबरू नका, त्या आपली वरची हद्द विसरलेल्या असतात. काच पूर्ण वर घ्या, बटण सोडा, परत वरच्या बाजूला थोडा वेळ दाबून धरा. दोन्ही बाजूंना. रेडिओचा कोड मागेल, तो शोधून ठेवा. माझा कोड ज्या पुस्तकात लिहिला होता ते पुस्तक सीटखाली होतं, आणि पानं एकमेकांना चिकटलेली.